स्वेच्छा की नाइलाज?

नोकरकपातीस ‘स्वेच्छानिवृत्ती’ हे सोज्ज्वळ नाव दिले की व्यवस्थापनाचे मन निश्चिंत होते. कोणास काढले नाही, ज्याला जायचे होते तो गेला, असे सांगण्याची सोय होते. परंतु ही इच्छा कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली, हे विचारावयास नको काय?

ब्रिटनमधील कोळसा-धंद्याचे उदाहरण बोलके आहे. मार्च १९८४ मध्ये तेथील राष्ट्रीय कोळसा मंडळाने सुमारे २० खाणी आणि २० हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना मांडली. सक्ती कोणावरही नाही, असे आश्वासन होते. पन्नाशीच्या आतील कामगारास नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १ हजार पौंड देऊ केले होते. तरीही बहुसंख्य कामगार वर्षभर संपावर राहिले. पैसा त्यांना कडू नव्हता. ही नोकरी उद्या आमच्या मुलांची आहे, ती विकण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे होते. मार्च १९८५ मध्ये संप मोडला आणि त्यानंतर हजारोंनी तीच रक्कम पदरात घेतली. मंडळाच्या मनात ७५ खाणी बंद करण्याचे होते, हे २०१४ साली खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांनी उघड केले. समोर अंधार दिसत असता केलेल्या सहीस आम्ही स्वेच्छा म्हणणार नाही.

खाणी चिरकाल चालाव्यात, असा आमचा आग्रह नाही. जर्मनीने २००७ साली सरकार, कंपनी व कामगार संघटना यांच्या संमतीने दगडी कोळशाच्या खाणींसाठी २०१८ ही अखेरची मुदत ठरविली. वयस्करांना मुदतपूर्व निवृत्तिवेतन आणि तरुणांना दुसरे काम देण्यास त्यामुळे ११ वर्षे मिळाली.

लोहखनिजावर जगलेल्या गोमंतकाने हा भेद ओळखला पाहिजे. येथील खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये एकाएकी थांबल्या. नियमबाह्य लीज-नूतनीकरणावर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले ते योग्यच. पण शिक्षा भोगली डिचोली, सत्तरी, सांगे येथील ट्रकवाल्यांनी व खानावळवाल्यांनी. त्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. मग त्यांना स्वेच्छानिवृत्ती तरी कोण देणार?

खनिज आज ना उद्या संपणारच. म्हणून खाण चालू असतानाच तिच्या अखेरीची तारीख आणि त्यानंतरचा रोजगार सरकारने जाहीर करावा. त्यावाचून पुढे केलेली थैली म्हणजे निरोपाचा नारळ होय.