पुरुषांच्या दुखण्याला जाणता डॉक्टर हवा : नांदेड-लातूरकरांना जाहीर आवाहन

दोन्ही जिल्ह्यांतील डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानदार, वसतिगृहचालक आणि पालक यांना,

गेल्या महिन्यात नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलाचा अंडकोष काढून टाकावा लागला. पहाटे ओटीपोटात आणि जांघेत अचानक कळ आली, दोनदा उलटी झाली. वसतिगृहाजवळच्या दवाखान्यात त्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याने लाजत लाजत सूज आल्याचं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. दोघांपैकी एकानेही त्याची चड्डी खाली करून तपासलं नाही. तिसऱ्या दिवशी वडील गावाहून आले, शस्त्रक्रिया झाली. पीळ पडलेला अंडकोष तोवर काळा पडून मेला होता.

दोन्ही डॉक्टर शिकलेले, नोंदणीकृत, भरपूर पेशंट असलेले. भोंदू असते तर आम्ही सरळ पोलीस ठाण्यात गेलो असतो. इथे जायचं कुठे? म्हणून हे पत्रक.

अंडकोषाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पहिल्या सहा तासांत पीळ सोडवला तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो. बारा तासांनंतर शाश्वती निम्म्यावर येते आणि दिवस उलटला की वाचणं विरळाच. बारा ते अठरा हे त्याचं मुख्य वय. निदानाला मोठी यंत्रं लागत नाहीत. अचानक कळ, उलटी, वर ओढला गेलेला आडवा अंडकोष, मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तरी तो न हलणं, एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. संशय पक्का असेल तर सोनोग्राफीच्या रांगेत न थांबता मुलाला थेट सर्जनकडे पाठवायचं असतं. कधी कधी मुलगा फक्त ‘पोट दुखतं’ एवढंच सांगतो, म्हणून पोटदुखीच्या प्रत्येक मुलाचे अंडकोष तपासायचे असतात. एमबीबीएसच्या पुस्तकात हे आहे. परीक्षेत आपण सर्वांनी लिहिलं आहे.

आता आकडा पाहा. पंचवीस वर्षांखालच्या साधारण ४,००० मुलांमागे वर्षाला एकाला हा पीळ पडतो, असं परदेशी नोंदी सांगतात. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. हात कितीही आखडता घेऊन हिशेब केला तरी दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला तीनशेच्या आसपास मुलांना हा पीळ पडतो. त्यातली किती सहा तासांत टेबलावर पोहोचतात? ज्या शहरांनी ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर महाराष्ट्रभरातून मुलं बोलावली, खोल्या भाड्याने दिल्या, मेस चालवल्या, क्लासेसचे फलक चौकाचौकांत लावले, त्या शहरांत नेमक्या याच वयाची हजारो मुलं आईबापांपासून दूर राहतात. इथे हे निदान चुकणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आपण देशाला डॉक्टर पुरवतो म्हणून छाती फुगवतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला तपासायला मात्र आपल्या डॉक्टरला संकोच वाटतो.

आणि हे शहरातलं झालं. माहूर-किनवटहून नांदेडला पोहोचायलाच तीन-चार तास जातात. देगलूर, मुखेड, जळकोट, देवणी इथल्या गावातल्या डॉक्टरने पहिल्या भेटीत ओळखलं नाही, तर विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात कितीही चांगला सर्जन बसलेला असो, त्याच्या हाती मेलेला अवयवच येणार.

पण हा राग एका पिळापुरता नाही. पुरुषाच्या कमरेखालच्या प्रत्येक दुखण्यात आपलं ज्ञान जुनं झालं आहे आणि आपण ते मान्य करत नाही.

मूल होत नसलेलं जोडपं येतं. सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, नळ्या तपासल्या जातात, क्युरेटिंग होतं, दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, सासू नवस बोलते, दोन-तीन वर्षं आणि घरातलं सोनं संपतं. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी कोणी सांगितलेलीच नसते. वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीला असतं. ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिच्या प्रयोगशाळा-पुस्तिकेची सहावी आवृत्ती काढली. आपल्या किती पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती उघडून पाहिली गेली? याहून भयंकर प्रकार म्हणजे शुक्राणू कमी आहेत म्हणून पुरुषाला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देणं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूतली ग्रंथी अंडकोषाला आदेश देणं थांबवते आणि उरलेसुरले शुक्राणूही बंद होतात. मूल हवं असलेल्या पुरुषाला हे औषध देऊ नये, हे मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही अशा चिठ्ठ्या आमच्या हाती येतात. जिममधल्या पोरांना ‘ताकदीचं’ म्हणून जे टोचलं जातं, त्याचीही हीच कथा.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेही पुरुषांपैकी निम्म्यांना लिंगाच्या ताठरतेची अडचण असते, हे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आलं आहे. आपण दर महिन्याला त्यांची साखर पाहतो, पाय पाहतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो आणि हा एक प्रश्न गिळून टाकतो. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्या आधी चोंदतात. म्हणून ही तक्रार अनेकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी ‘कमजोरी आली’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या हार्टअटॅकची आगाऊ खबर देत असतो, आणि आपण त्याला व्हिटॅमिनचं सलाईन लावून परत पाठवतो!

सिल्डेनाफिल १९९८ मध्ये बाजारात आलं. पाव शतक उलटलं. ते चिठ्ठीशिवाय काउंटरवर मिळतं, हे सर्वांना ठाऊक आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवण्यापूर्वी ‘काल-परवा तसली काही गोळी घेतली होती का’ हे किती जण विचारतात? सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. रक्तदाब जीवघेणा कोसळतो. तंबूतल्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांतही हेच औषध मिसळलेलं सापडतं, त्यामुळे ‘मी इंग्रजी औषध घेतलंच नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. पुडीबद्दलही विचारावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. न दुखता लघवीतून रक्त गेलं तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पाजू नका. विडी ओढणाऱ्या माणसात ते मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. मुतखड्यासोबत थंडी-ताप आला तर ती तातडी आहे, दुखणं थांबवण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायची बाब नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला कमी पाण्याने होणारा मुतखडा शिकवायची गरज पडू नये. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या आजोबांना मोतिबिंदूच्या शिबिरात पाठवताना डोळ्यांच्या सर्जनला ते कळवा. ऑपरेशनच्या वेळी बुबुळ लुळं पडण्याचा धोका २००५ पासून माहीत आहे. फिनास्टेराइड चालू असेल तर पीएसएचा आकडा निम्म्याने कमी दिसतो, ‘नॉर्मल’ वाचून गाफील राहू नका. कॅथेटर घातल्यावर मागे सारलेली कातडी पुढे आणायला विसरू नका. विसरल्याचे परिणाम आम्ही पाहिले आहेत. आपले दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या यादीत आहेत, मग अंडात पाणी झालेला माणूस वर्षानुवर्षं धोतराआड ते का वागवतो?

आणि धातू. ‘लघवीवाटे धातू जातो’ म्हणून खंगलेली तरुण मुलं सगळ्या दवाखान्यांत येतात. प्रा. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीची ‘धात सिंड्रोम’ म्हणून वैद्यकात नोंद केली. वीर्य गेल्याने शरीरातलं काहीही कमी होत नाही, हे तोंड उघडून सांगायचं आणि सोबत उदासी, चिंता आहे का ते पाहायचं, एवढं काम. टॉनिक लिहून दिलं की त्या मुलाची भीती डॉक्टरनेच खरी ठरवली.

आपण गप्प बसतो म्हणून माळेगावच्या यात्रेत आणि एसटी स्टँडमागच्या भिंतीवर दुसरे बोलतात. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. तरी भिंती रंगलेल्याच आहेत. पण आम्ही स्पष्ट सांगतो : तंबूतल्या भोंदूचं गिऱ्हाईक तुमच्या-आमच्या ओपीडीतूनच निराश होऊन गेलेलं असतं.

ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, नोकरी गमावली, खटले सोसले, तिथे ही स्थिती आहे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते! डॉ. विठ्ठल प्रभूंनी मराठीत लिहिलं, डॉ. प्रकाश कोठारींनी मुंबईच्या केईएममध्ये हा विषय ओपीडीपर्यंत आणला. आपण त्यांचे वारस आणि आपल्याला पेशंटला ‘संबंध नीट होतात का’ विचारवत नाही?

उत्तरं आम्हाला पाठ झाली आहेत. ‘ही आमची शाखा नाही.’ पहिला पेशंट तुमच्याकडेच येतो, म्हणजे शाखा तुमचीच. ‘पेशंट बोलत नाहीत.’ ‘साखरेमुळे बऱ्याच जणांना संबंधात अडचण येते, तुम्हाला येते का?’ असं विचारून पाहा, बोलतात. ‘लेडी डॉक्टरला कसं जमेल?’ पुरुष डॉक्टर बाळंतपणं करत आलेच ना! ‘अश्लीलता वाढेल’ म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवणार नाही.

वेळ नाही, हेही आम्ही मानत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करताना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ते सगळेच मिळवतात. कसे मिळवतात, तेही सर्वांना माहीत आहे : सही, जेवण, औषध कंपनीची पिशवी. आमचा गट लहान आहे, दोन्ही जिल्ह्यांतले डॉक्टर, परिचारिका आणि काही शिक्षक एवढाच. पण आजवरची एकही बैठक आम्ही कंपनीच्या पैशावर घेतलेली नाही. वर्गणी काढतो, सरकारी शाळेचा वर्ग मागतो, घरचा डबा आणतो, आणि कंधार-निलंग्याचे डॉक्टर रविवारी एसटीने येतात. याचा आम्हाला अभिमान आहे. हे जमतं, म्हणूनच मागतो आहोत.

डॉक्टरहो, तुमच्या ३० पॉइंटपैकी किमान सहा या विषयाचे असू द्या आणि भाषण ऐकून नाही, केस मांडून मिळवा. आयएमए आणि निमाच्या नांदेड, लातूर, उदगीर इथल्या पदाधिकाऱ्यांनी बीएएमएस, बीएचएमएस मित्रांनाही त्याच वर्गात बसवावं. गावात तेच आहेत, त्यांना वगळून काही होणार नाही. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांसाठी दर तिमाहीला अर्धा दिवस द्यावा आणि पिळाच्या संशयासाठी रात्रंदिवस उचलला जाणारा एक फोन ठेवावा. जिल्हा शल्यचिकित्सकांनी असा रुग्ण रेफर करताना चिठ्ठीवर ‘कळ कधी सुरू झाली’ ती वेळ लिहिणं सक्तीचं करावं.

औषध दुकानदारांनो, चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिल देऊ नका. चिठ्ठी असली तरी ‘छातीची गोळी चालू आहे का’ एवढं विचारा.

वसतिगृह आणि क्लासवाल्यांनो, प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून तातडीच्या उपचारांची लेखी संमती घेऊन ठेवा. प्रत्येक स्वच्छतागृहात कागद चिकटवा : ‘अंडकोषात अचानक दुखलं तर रात्रीही रेक्टरना उठवा, सहा तासांच्या आत दवाखाना.’ मुलाला हसाल किंवा रागवाल तर तो पुन्हा सांगणार नाही.

पालकांनो, विशेषतः वडिलांनो, मुलाशी एकदा बोला. बायांनो, मूल होत नाही म्हणून तपासायला नेलं तर ‘आधी यांची तपासणी लिहा’ म्हणा. भिंतीवरच्या जाहिरातींचे फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पोच घ्या, आमच्याकडे एक प्रत पाठवा.

येत्या रविवारी सकाळी दहाला नांदेडला आणि त्यापुढच्या रविवारी लातूरला पहिला वर्ग आहे. जागा आयएमए-निमाच्या तुमच्या शाखेच्या सूचनाफलकावर कळवली जाईल. विषय एकच, अंडकोषाचं अचानक दुखणं. प्रात्यक्षिक आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र नाही. येताना तुमच्या ओपीडीतली चुकलेली एक केस, पेशंटचं नाव वगळून, कागदावर लिहून आणा.

— नांदेड व लातूर जिल्ह्यांतील डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षकांचा अभ्यासगट