सूर्याकडे पाठ

सूर्यास्त तिकीट लावून विकला जातो याचे आम्हाला आता नवल वाटत नाही. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅक रिव्हरच्या उपसागरातून दुपारी ज्या नौका या कामासाठी सुटतात, त्यांतल्या एकीवर गेल्या जुलैत आम्हीही रीतसर पैसे मोजून बसलो होतो. जुलै म्हणजे तिथला हिवाळा. सूर्य पावणेसहाच्या सुमारासच मावळतो. नौका कॅटमरान जातीची होती. (हा शब्द मुळात तमिळ, कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. मच्छीमारांचा तराफा परदेशी जाऊन पांढराशुभ्र होऊन परतला, इतकेच.) जाहिरातीत 'शिडाची सफर' असे म्हटले होते. तथापि तिथले वारे बहुतेक आग्नेयेकडून येतात आणि पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला पडतो. त्यामुळे शीड छायाचित्रांपुरते उभारले गेले आणि खाली इंजिन सुरूच राहिले. कोकणातला कुठलाही तांडेल हे पाहून हसला असता.

असो. आमची तक्रार शिडाबद्दल नाही.

प्रवाळाची भिंत ओलांडून नौका खोल पाण्यात आली, तेव्हा पन्नासएक माणसे पश्चिमेकडच्या कठड्याला दाटीने उभी राहिली. हातात उसाची रम, ध्वनिक्षेपकावर सेगा. आणि सर्वांच्या पाठीशी, दक्षिणेला, मावळतीचे ऊन अंगावर घेऊन ल मॉर्नचा कातळ उभा होता. 556 मीटर उंचीचा, समुद्रातून सरळ वर आल्यासारखा. त्या घटकेला त्याचा रंग तांबूस होतो आणि कड्यावरची एकेक चीर दिसू लागते. निव्वळ डोळ्यांच्या सुखाचा हिशेब मांडला तरी त्या संध्याकाळी पाहण्याजोगे जे होते ते मागे होते. सूर्य काय, तो जुहूलाही मावळतो.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर आश्रयाला राहत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी बेटावरची गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला शिपायांची तुकडी डोंगराकडे निघाली, आपल्याला धरायलाच माणसे आली असे वरच्यांना वाटले आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 2008 मध्ये युनेस्कोने ल मॉर्नला जागतिक वारसा ठरवले, ते तिथल्या निसर्गशोभेसाठी नव्हे, या आठवणीसाठी. ज्या सेगाच्या तालावर आमचे सहप्रवासी डुलत होते, तोही याच गुलामांनी बकऱ्याच्या कातड्याच्या रावानवर घडवला. म्हणजे डोंगर, गाणे आणि पेल्यातला ऊस, सगळे एकाच इतिहासातून आलेले. आणि दोन-अडीच तासांत त्याबद्दल नौकेवर अवाक्षर नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे. नवी लग्ने झालेली जोडपी (त्यांत मराठीही बरीच) चार घटका आनंदाला येतात, त्यांच्यापुढे मृत्यूच्या कथा कशाला उगाळायच्या? आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. रायगडावर हिंडायला जाणारा माणूस टकमक टोकापाशी जातो, ते कशासाठी होते हे ऐकतो, आणि त्यानंतर त्याला पिठलं-भाकरी कडू लागत नाही. आनंद इतका नाजूक नसतो. नाजूक असतो तो धंद्याचा अंदाज.

आणि आपण मराठी माणसांनी तरी 'आपला काय संबंध' असे म्हणू नये. गुलाम सुटले म्हणून ऊस तोडायला माणसे हवी झाली. 1834 पासून पुढे जवळपास पाच लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर उतरले. त्यांत रत्नागिरीकडचेही होते. आमच्या नौकेवरचा एक तरुण खलाशी क्रिओल बोलत होता. आम्ही महाराष्ट्रातले हे कळल्यावर तो थांबून, शब्द जुळवत म्हणाला, "आमच्या घरी गणपती असतो." त्यापुढचे मराठी त्याला येत नव्हते, मग मोडक्या इंग्रजीवर आलो. या डोंगराची गोष्ट तुम्ही लोकांना का सांगत नाही, असे आम्ही विचारले. त्याने दोर गुंडाळता गुंडाळता डोंगराकडे एकदा पाहिले आणि सांगितले, "कोणी विचारत नाही."

तेवढ्यात सूर्य गेला. टाळ्या झाल्या. उष्ण कटिबंधातला संधिप्रकाश तोकडा. नौका वळेपर्यंत कड्यावरचा रंगही विझला होता. परतल्यावर आम्ही आमची छायाचित्रे मोजली. एकंदर त्रेचाळीस, त्यांतली एकेचाळीस सूर्याची. ल मॉर्न एका चित्रात आहे, तोही कुणाच्या तरी खांद्याआडून, अर्धा.