चौदा वर्षांखालील मुलांची लांब उडी आणि वीस सेंटिमीटरची फळी

पावसाळा ओसरू लागला की तालुक्यातालुक्यांतून शालेय मैदानी स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. त्या हंगामात लांब उडीच्या हौदापाशी घटकाभर उभ्या राहणाऱ्या कोणाही सुजाण गृहस्थाच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही, ती ही की, ज्या मुलाच्या टाचा वाळूत सर्वांच्या पुढे उमटल्या, त्याच मुलाच्या नावासमोर पंचांच्या तक्त्यात पुष्कळदा तीन फुल्या पडलेल्या असतात आणि ज्याने अंग चोरून, बिचकत, कशीबशी उडी मारली तो जिल्ह्याच्या स्पर्धेस पात्र ठरतो. पंच निर्दोष असतात. नियमाप्रमाणे पायाचा अंगठा फळीच्या पुढे गेला की फाऊल, आणि फळीची रुंदी वीस सेंटिमीटर! माझा आक्षेप पंचांवर नसून, प्रौढांसाठी घडवलेला हा नियम बारा-तेरा वर्षांच्या पोरांवर जसाच्या तसा लादण्याच्या आपल्या शिरस्त्यावर आहे.

लांब उडी ही मूलतः धावण्याचीच विद्या होय, हे ज्यांनी तिचा इतिहास पाहिला आहे त्यांना निराळे सांगावयास नको. जेसी ओवेन्सने 1935 साली 8.13 मीटरची जी उडी मारली आणि जिचा विक्रम पुढे पंचवीस वर्षे अबाधित राहिला, ती मारली त्याच दुपारी त्याने शंभर यार्डांच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली होती. आणि 1984 ते 1996 अशा लागोपाठ चार ऑलिंपिकांत लांब उडीचे सुवर्णपदक मिळवणारा कार्ल लुईस त्यांपैकी पहिल्या दोन ऑलिंपिकांत शंभर मीटरचाही विजेता होता. निष्णात पुरुष उडीपटू फळीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास असतो, त्याचा पाय फळीवर सेकंदाच्या आठव्या हिश्श्याइतकाच टेकतो आणि शरीर जमिनीशी साधारण वीस अंशांचा कोन करून निघते. पाठ्यपुस्तकातील पंचेचाळीस अंश येथे कामाचे नाहीत, कारण तेवढे वर जावयाचे तर वेगाचा बळी द्यावा लागतो.

आता तालुक्याच्या मैदानावरील मुलाकडे पाहावे. गुरुजींनी पावले मोजून दिलेल्या जागी त्याने खूण म्हणून आपली चप्पल ठेवलेली असते. तेथून तो निघतो मोठ्या झोकात, परंतु शेवटच्या पाच-सहा पावलांत मान खाली घालून फळी शोधू लागतो, पावले तोडू लागतो, आणि जो क्षण सर्वाधिक वेगाचा असावयास हवा त्याच क्षणी जवळजवळ थांबतो. याला आळस म्हणावे की भित्रेपणा? दोन्हीही नव्हे, त्याला एकदा फुली मिळालेली असते, एवढेच. शिवाय या वयात उंची झपाट्याने वाढते, तिच्याबरोबर पावलाचा पल्ला बदलतो, आणि श्रावणात बरोबर बसलेली खूण दिवाळीपर्यंत हमखास चुकते. जे शरीर स्वतःच अद्याप स्थिर झालेले नाही त्याच्याकडून आपण वीस सेंटिमीटरच्या अचूकतेची अपेक्षा धरतो, आणि ती पुरी न झाल्यास त्याची मेहनत हिशेबातच धरत नाही.

म्हणून माझी तजवीज साधी आहे. चौदा वर्षांखालील गटात फळी वगळून हौदासमोर एक मीटर रुंदीचा पट्टा फक्कीने आखावा, त्यात कोठूनही उडी घेण्याची मुभा द्यावी, आणि फक्कीत उमटलेल्या पावलाच्या अंगठ्यापासून वाळूतील सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत फीत धरावी; पट्टा ओलांडला तरच फाऊल. प्रत्येक उडीनंतर एका विद्यार्थ्याने फक्की झाडूने सारखी करावी. ही कल्पना माझ्या पदरची नव्हे. दिव्यांगांच्या स्पर्धांत दृष्टिहीन खेळाडूंच्या गटासाठी अशाच एक मीटरच्या पट्ट्यातून उडी मोजतात आणि त्यामुळे त्या स्पर्धेचे महत्त्व रतीभरही उणे होत नाही. 2024 साली जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने मोठ्या खेळाडूंसाठीही तसा प्रयोग करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा कार्ल लुईसने त्याची यथेच्छ टिंगल केली. आणि मोठ्यांपुरते पाहता त्याचे म्हणणे मला मान्य आहे. भारताची लांब उडीपटू शैली सिंग हिचे 2021 च्या नैरोबी येथील वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेतील सुवर्ण अवघ्या एका सेंटिमीटरने हुकले. त्या पातळीवर फळीवरील अचूकता हा कौशल्याचाच भाग असतो. पण तेथवर पोचण्यासाठी आधी मुलाला निर्भयपणे पळता आले पाहिजे.

पळण्याच्या शिक्षणाचीही आपल्याकडे तीच गत! ‘मैदानाला दहा राऊंड मारा’ हा हुकूम गोळाफेकीच्या मुलाला, उडीच्या मुलीला आणि कबड्डीच्या संघाला एकाच आवाजात सोडला जातो. वेग राऊंड मारून वाढत नाही. वीस-तीस मीटर जीव तोडून धावणे आणि मग दोन-तीन मिनिटे पुरती विश्रांती घेणे, हाच त्याचा मार्ग. मुलगा उभा दिसला की गुरुजींना तो कामचुकार वाटतो, ही खरी अडचण. टाच किंवा गुडघ्याखालचे हाड दुखते अशी या वयातील मुलाची तक्रार असेल तर तीही थोतांड मानू नये. वाढत्या हाडांवर ताण पडल्याने असे दुखणे सर्रास होते.

पट्ट्याने शिस्त बिघडेल, असे कोणी म्हणतील. सतरा वर्षांखालील गटात फळी आहेच. तेथे शिस्त शिकावयास मुबलक अवधी मिळतो. मोजणीला वेळ अधिक लागेल हे मात्र खरे, आणि त्यासाठी एक पंच वाढवावा लागेल.

राज्याच्या क्रीडा संचालनालयाने हा फेरफार निदान एका जिल्ह्यात, तालुका पातळीपुरता, येत्या हंगामात करून पाहावा. खर्च दोन पोती फक्कीचा आहे. त्याला वित्त विभागाच्या मंजुरीची गरज पडू नये.