राणीछाप रुपयाची खरी किंमत

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. त्याच वर्षी सरकारी टांकसाळीत एक बारीकसा बदल झाला. त्याआधीची बारा वर्षं राणी व्हिक्टोरियाच्या प्रत्येक रुपयावर एकच साल उमटत होतं, १८६२. रुपया १८६५ मध्ये पाडलेला असो की १८७१ मध्ये, साल तेच. १८७४ पासून रुपयावर पुन्हा खरं साल येऊ लागलं.

असं का, याचं उत्तर सराफाच्या पेढीवर सापडतं. नाणं जुनं झालं की सराफ त्यावर बट्टा कापायचे. सालच बदललं नाही तर जुनं-नवं कळणार कसं? म्हणून साल तसंच ठेवायची रीत कंपनी सरकारच्या काळापासून चालत आली होती. १८४० साल असलेले रुपये तर पुढे वीसेक वर्षं पाडले गेले. आता १८६२ च्या रुपयाच्या मागच्या बाजूला भिंग धरलं, तर कुठे एक, कुठे दोन, कुठे त्याहून जास्त बारीक ठिपके दिसतात. ते ठिपके नाणं प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पाडलं याची टांकसाळीची खूण असावी, असं फ्रेड प्रिडमोर या ब्रिटिश नाणेतज्ज्ञाने अभ्यासातून मांडलं. एकाच सालाचे दिसणारे दहा रुपये घ्यावेत, ठिपके मोजावेत आणि त्यांची वर्षं लावावीत, यात जे सुख आहे ते या छंदाचं खरं सुख. त्याला लाखो रुपये लागत नाहीत.

बावड्यासारख्या जुन्या वस्तीत असा एखादा रुपया अजून निघतो. कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात, कुणाच्या आजीच्या गाठोड्यात. कोल्हापूर संस्थान होतं, तरी राजर्षींच्या काळात इथल्या बाजारात चालायचा तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपयाच. बावडा रस्त्यावरच्या नव्या राजवाड्याचं काम १८७७ मध्ये सुरू झालं. नाण्यांवर व्हिक्टोरिया ‘क्वीन’ची ‘एम्प्रेस’ झाली तेही त्याच वर्षी. मेजर चार्ल्स मॅंटच्या आराखड्यावर उभा राहिलेला हा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला आणि त्याला सात लाख रुपये लागले असं सांगतात. एक रुपया ११.६६ ग्रॅमचा. सात लाख रुपये एका जागी रचले तर आठ टनांहून जास्त वजन भरेल. हातात राणीछाप रुपया घेऊन हा हिशेब केला की राजवाड्याचे दगडही वेगळे दिसू लागतात.

गेल्या काही वर्षांत मात्र या नाण्यांकडे बघण्याची नजर बिघडली आहे. मोबाइलवर कुणीतरी चित्र पाठवतं. अमुक सालाचं नाणं असेल तर पाच लाख, तमुक देवीचं चित्र असेल तर दहा लाख. मग घरातला डबा उपसला जातो, फोन लावला जातो आणि पलीकडचा माणूस आधी नोंदणीचे, मग कराचे, मग कुरिअरचे पैसे मागत जातो. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हसुद्धा या फसवणुकीत वापरलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेलाच जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि अशा व्यवहारासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा दलाली घेत नाही. तरीही गळाला लागणारे थांबलेले नाहीत. यात जातात ते बहुधा पेन्शनीतले किंवा भिशीतले पैसे, म्हणून याची चीड यायला हवी.

याच बाजारात आणखी एक बनावट माल जोरात खपतो. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ हे साल आणि त्यावर रामदरबार किंवा हनुमान. कंपनीने चलनासाठी असं नाणं कधीच पाडलं नाही. हे अलीकडे बनवलेले टोकन आहेत. कुणी त्याला चमत्कारी म्हणतं, कुणी ते तांदूळ ओढतं म्हणून लाखोंचा सौदा करतं. श्रद्धेचा असा वापर करणाऱ्याला गावाने दारातूनच परत पाठवावं.

खरी किंमत ठरते कशी? पहिली धातूची. १८३५ च्या कायद्याने सबंध ब्रिटिश मुलखासाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवसाचा भाव बघून हा गुणाकार कुणालाही घरी करता येतो. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणजे ती जेमतेम ५.८ ग्रॅम. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक लावा, चिकटेल. चांदीचा रुपया चिकटत नाही. एवढं माहीत असलं तरी निम्मी फसवणूक टळते.

दुसरी किंमत दुर्मीळपणाची, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. नाणं जुनं आहे म्हणून महाग नसतं. हजार वर्षांपूर्वीची कितीतरी नाणी आजही स्वस्तात मिळतात, कारण ती ढिगाने सापडतात. राणी आणि पंचम जॉर्जचे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले, त्यातले पुष्कळ उरले, म्हणून साध्या सालाचा झिजलेला रुपया चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाही. १९११ ची गोष्ट वेगळी. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता, पण तो इतका आखूड सोंडेचा दिसला की लोकांना ते डुक्कर वाटलं. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना दुखावतील म्हणून सरकारने घाईने नाणं मागे घेतलं. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, बाहेर गेली ती सातेक लाख, बाकीची वितळवली. पुढच्या वर्षी हत्ती नव्याने कोरला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहक शोधत असतात, तरी तो मिळतच नाही असं नाही. खरा दुर्मीळ तो सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया. इतका, की १९३८ च्या रुपयातला शेवटचा आकडा बदलून तो बनवणारे निघाले. असा रुपया घरात सापडला तर आनंदाच्या आधी भिंग काढावं.

तिसरी गोष्ट नाण्याची स्थिती. राणीच्या केसांच्या बटा, झग्यावरची नक्षी, काठावरच्या रेघा शाबूत असतील तर त्याच सालाच्या दोन रुपयांच्या भावात मोठा फरक पडतो. आणि आपल्याकडे या खुणा घालवतं कोण, तर आपणच. दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी नाणी चिंचेने, राखेने, नाहीतर पावडरीने घासून लख्ख करायची, मग वर पंचामृताचा अभिषेक. पन्नास वर्षं असं झालं की चेहरा सपाट होतो. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली काळपट-निळसर झाक म्हणजे मळ नव्हे. जाणकार तिचेच जास्त पैसे देतात. पूजा थांबवायचं कारण नाही. झिजलेली दोन-चार नाणी पूजेला ठेवावीत, चांगली कागदी पाकिटात बाजूला काढावीत, हाताळताना काठांना धरावीत. पातळ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, त्यांत नाण्यावर हिरवा थर चढतो. माळेसाठी कडी लावलेला रुपया संग्राहकाच्या लेखी उतरतो, पण त्या माळेला घरात जो मान आहे तो कुणी मोडू नये.

चांदीचे भाव चढले की पहिली धाव गुजरीतल्या सराफांकडे जाते. अडचणीच्या वेळी चांदी मोडणं हा घराचा हक्क आहे, त्यात लाज कसली? फक्त मोडण्याआधी नाणं कुणीतरी वाचलेलं असावं. पंचम जॉर्जच्या रुपयावर सालाखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. १८४० च्या रुपयावर राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं सलग आहेत की मध्ये तुटलेली, यावरून दोन प्रकार पडतात. १९०७ पासूनच्या कंगोरेदार आण्यावर इंग्रजीसोबत फारसी, नागरी, बंगाली आणि तेलुगू अशा लिप्यांत किंमत लिहिली आहे. मुशीत गेलेलं नाणं हे काही सांगत नाही.

आणि कोल्हापूरने हे विसरू नये, कारण या शहराचा सर्वांत जुना इतिहास नाण्यांनीच सांगितला आहे. विळिवायकुर आणि सिवलकुर या राजांची नावं आपल्याला कळली ती कोल्हापूर भागात मिळालेल्या, धनुष्यबाण असलेल्या नाण्यांवरून. एका राजाने दुसऱ्याच्या नाण्यावर आपला छाप पुन्हा मारला होता. खालचा पुसट छाप वाचून पंडित भगवानलाल इंद्रजींनी आधीचा राजा कोण, नंतरचा कोण हे लावलं. तीच नाणी कुणी घासून लख्ख केली असती तर? १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी ब्रह्मपुरीची टेकडी खणली, तेव्हाही कोणतं नाणं कोणत्या थरात मिळालं याची नोंद मोलाची ठरली.

घरातल्या ब्रिटिश नाण्यांनाही असा थर असतो. पणजोबांना पगारात मिळालेला रुपया, आत्याच्या लग्नातला आहेर, गुळाच्या सौद्यातली रक्कम. हे कुठेच लिहिलेलं नाही आणि सांगणारी पिढी संपत चालली आहे. म्हणून टाउन हॉल संग्रहालयाने आणि शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने मिळून वस्त्यांमध्ये नाणे-ओळख शिबिरं घ्यावीत आणि सुरुवात बावड्यातून करावी. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेची मदत मागावी. लागतं ते फार नाही: ग्रॅमचा शतांश दाखवणारा काटा, भिंग, लोहचुंबक, दोन्ही बाजूंचा फोटो आणि एक छापील तक्ता. साल, वजन, टांकसाळ आणि नाणं घरात कसं आलं ते. घरमालकाचं नाव जाहीर करू नये, नाणं त्याचं त्याच्या हातात परत द्यावं.

तिथेच कायद्याच्याही दोन गोष्टी सांगाव्यात. पाया खणताना गाडलेला ठेवा निघाला तर १८७८ च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातवाला आठवण म्हणून राणीछाप रुपया देणाऱ्या आजी-आजोबांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

पहिलं शिबिर दिवाळीच्या महिनाभर आधी व्हावं, म्हणजे यंदा नाणी घासायला निघण्यापूर्वी त्यांच्यावरचे ठिपके मोजून होतील.