नाच्याला नोटा, माणसाला शिव्या

डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेत साडी नेसून नाचणाऱ्या पोरावर आपल्याच पोरांनी नोटा उधळल्या. रात्री तळासरीला परतताना तोच टेम्पोत चढला, तर ‘छक्का’ म्हणून त्याला बसू दिलं नाही. उभ्यानं आला बिचारा. मीही गप्प बसलो, हे आधीच लिहून टाकतो.

गणपत पाटलांनी सिनेमात जन्मभर नाच्या रंगवला. घरी बायकापोरं. तरी लोकांनी पडद्यावरची टाळी त्यांच्या दारापर्यंत नेली, पोरांची लग्नं अडली. २०१० च्या ‘नटरंग’ला आपण रडलो, थेटराबाहेर पुन्हा तेच. आणि समजा, गणपतराव खरंच तसे असते तर? मग तो छळ रास्त होता काय?

१९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या प्रश्नोत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला झाला. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील कोण? बाबासाहेब! खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं राजीखुशीच्या संबंधांवरचं ३७७ कलम उठवलं, तेव्हा आधार घेतला बाबासाहेबांच्याच घटनात्मक नैतिकतेचा. लग्नाचा हक्क मात्र २०२३ ला नाकारला.

आणि आपण, गावकुसाबाहेर पिढ्या काढलेले, टेम्पोत नवं गावकूस बांधतोय! पुढच्या जत्रेला तो पोरगा माझ्या शेजारी बसेल. ज्याला खपत नसेल त्यानं खुशाल पायी जावं.