टेप न लावता घेतलेला एसी



आखाजी जवळ आली की आपल्या जळगाव-धुळ्यात दोन गडबडी एकदम सुरू होतात: वर्षीतपाच्या पारण्यांची तयारी आणि एसीची खरेदी. पारा ४४-४५ वर, पाहुणे दारात, आणि जुना एसी नेमका तेव्हाच मान टाकतो. मग दुकानात फोन जातो. तिकडून एकच प्रश्न येतो, "आधी किती टनाचा होता?" आपण म्हणतो, "दीड." "मग आता दोनचा घ्या भाभी, खानदेशचा उन्हाळा आहे." आणि आपण घेतो.

मीही घेतला. म्हणून आज भांडायचं आहे ते दुकानदाराशी कमी, आपल्याशी जास्त.

सासूबाईंची खोली १२ बाय १३, म्हणजे १५६ चौरस फूट. मे महिना मजेत गेला. पर्युषणात मात्र फजिती झाली. त्यांची अठाई चालू होती, बाहेर पावसाळी दमट हवा. एसी काही मिनिटांत खोली गार करायचा आणि थांबायचा. हवेतला ओलावा ओढायला मशीन सलग चालावं लागतं, आणि ते तर सारखं बंद पडायचं. इन्व्हर्टर मशीन वेग कमी करतं हे खरं, पण त्यालाही खालची हद्द असते. त्याखाली तेही चालू-बंद, चालू-बंद. खोली गार पण चिकट, चादर ओलसर, सांधे धरलेले. चौथ्या उपवासाच्या रात्री सासूबाई उशी घेऊन वऱ्हांड्यात पंख्याखाली झोपायला आल्या. बोलल्या काहीच नाहीत. मला बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हा 'टन' म्हणजे काय, हे मी तेव्हा समजून घेतलं. ते मशीनचं वजन नव्हे. ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. वॅटमध्ये साधारण साडेतीन हजार. माळ घेऊन बसलेल्या एका बाईसाठी मी सात हजार वॅटची ताकद भिंतीवर टांगली होती!

आपण स्वयंपाकघरात डाळ वाटीने मोजतो, पोळ्या माणसं मोजून लाटतो, उरलं तर जीव हळहळतो. मग एसीलाच टेप का लावत नाही? मोटा हिशेब सोपा आहे: १०० ते १२० चौरस फुटांना एक टन, १५० ते १८० ला दीड. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, मोठी काच, खोलीत माणसं जास्त, तर थोडं वर जा. खाली मजला, पूर्वेची खोली, झोपणारं एकच माणूस, तर खाली या. जुन्या एसीवरचा आकडा नव्या एसीचं माप नव्हे. जुना कमी पडत होता तर का, ते आधी बघा. गॅस कमी होता? जाळी धुळीने बुजली होती? बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात कोंडलं होतं? ते न बघता टन वाढवणं म्हणजे गळक्या माठाला मोठा माठ आणणं.

दुकानदाराच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, तीही सांगते. एसीची ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. आपल्याकडे ४५ होतं, तेव्हा ती कमी भरते. पण त्यावर उपाय डोळे मिटून पुढचा टन घेणं हा नाही. स्टार-लेबलवर ताकद वॅटमध्ये छापलेली असते, आणि 'दीड टन' लिहिलेल्या दोन मशीनांचे वॅट सारखे असतीलच असं नाही. ते वाचा, आणि ४६ अंशांना किती उरते ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुकान बदला.

आणि त्याआधी गच्चीवर जा. आपल्या आजी-पणजींची धाब्याची घरं मातीच्या जाड छपराने भर उन्हाळ्यात गार राहायची. आपण मात्र उघड्या स्लॅबखाली राहतो, आणि तो दिवसभर तापून रात्री खोलीत ओकतो. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावा, मग टन मोजा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरही उत्तम काम करतो. फक्त टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी पुसा, म्हणजे तिच्यातल्या अळ्यांचे डास होणार नाहीत. हीटर असलेला 'हॉट अँड कोल्ड' एसी मात्र कशाला? धुळ्यात थंडीत पारा कधी कधी १० च्या खाली जातो, कबूल. तेवढ्या दिवसांना गोधडी पुरते.

काही जणी म्हणतील, "एसी म्हणजे हिंसाच, मग दीड काय न् दोन काय?" हा युक्तिवाद मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. महासतीजी पंखाही लावत नाहीत, ते महाव्रत. आपलं अणुव्रत. श्राविकेला सगळं सोडायला सांगितलेलं नाही, मोजायला सांगितलं आहे. आपल्या बारा व्रतांत ओळीने तीन व्रतांच्या नावात 'परिमाण' आहे: परिग्रह परिमाण, दिशा परिमाण, उपभोग-परिभोग परिमाण. त्यापुढचं आठवं अनर्थदंड विरमण, म्हणजे कारणाशिवायची हिंसा टाळणं. सासूबाईंना उन्हाळ्यात झोप लागावी म्हणून लागलेली वीज गरजेची. शेजारणीकडे दीड आहे म्हणून आमच्याकडे दोन, ही वीज अनर्थदंड. सकाळी चौदा नियम धारताना आपण द्रव्यं मोजतो, वाहनं मोजतो, आणि दुपारी दुकानात "मोठाच द्या" म्हणतो!

"परवडतं आम्हाला" हेही उत्तर नव्हे. परवडणाऱ्यांसाठीच तर परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे. ज्याच्याकडे नाही, त्याने कशाची मर्यादा करायची?

यंदा आमचा दोन टनाचा एसी खालच्या हॉलमध्ये गेला, तिथे तो शोभतो. सासूबाईंच्या खोलीवर गच्चीला चुना दिला, दीड टनाचा एसी लावला आणि तो २४ वर ठेवला. २०२० पासून नवीन एसी मुळात २४ वरच सुरू होतात, तो आकडा खाली ओढायची घाई करू नका. एकेका अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते.

कडक लिहिलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण दुकानात जाण्याआधी शिलाईच्या डब्यातली टेप काढा, आणि खोली मोजा.