ग्रामसभेत बौद्धवाडी कुठे बसते?

"पर्यावरणवाले विकासाच्या आड येतात," ही ओरड सिंधुदुर्गात नवी नाही. अमेरिकेतील रिपब्लिकन मंडळीही तिकडच्या डाव्यांना हेच सुनावतात : जंगल वाचवता आणि खाणकामगाराची भाकरी घालवता. डॉ. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाट अहवाल २०११ साली आला तेव्हा आपल्याकडे हेच ऐकू आले.

आरोप सगळाच खोटा नाही. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्याला मच्छिमारांनी कडाडून विरोध केला. वरून लादलेले संरक्षण गरिबाला जाचतेच. पण गाडगीळांचे म्हणणे नेमके उलटे होते : काय राखायचे ते ग्रामसभेने ठरवावे. सिंधुदुर्गातील २५ ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत असे ठराव केले होते, त्यांची नोंद त्या अहवालात आहे. ओरडणाऱ्यांनी ते पान उलटले नसावे!

मात्र अशा ठरावाच्या वेळी बौद्धवाडी कुठे असते? खाण आली तर जमीनवाल्याला मोबदला, भूमिहीनाला धूळ आणि आटलेली विहीर. जंगल बंद झाले तर सरपणाची मोळीही बंद. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. त्यांची लेकरे गावच्या पाण्याचा निर्णय दाराशी उभी राहून ऐकतात!

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे महाराष्ट्राचा कायदा सांगतो. पाणी भरणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी तिथे पुढे बसावे, आणि आपले म्हणणे इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नये.